पंख फुटतो ती जागा

माणसाला पंख काढणं सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा काढून बघावेत. पाठीवर दोन सुपं चिकटवली की झाला उडता माणूस, असं निम्म्या चित्रकारांना वाटतं, आणि वाचकही बिचारे चालवून घेतात. आपल्या चित्रकारणीला मात्र ते चालायचं नाही. असलं चित्र हातात आलं की ती कपाळाला हात लावायची. हा शर्ट कसा घालतो? खुर्चीत टेकून कसा बसतो? दारातून आत येताना अडकत नाही का? आणि मुख्य म्हणजे, पंख हलवतो कशाने? पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच असतो. त्याला खांदा असतो, कोपर असतं, मनगट असतं. मग ज्याला दोन हात आधीच आहेत, त्याचे पंख कुठल्या हाडाला धरलेत ते दाखवा की! तिचं हे पुराण ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं.

एका साप्ताहिकात तिची चित्रकथा चालायची. नायकाचं नाव पहारेकरी. छपरांवरून उडत फिरायचा, चोर धरायचा, आगीतून माणसं उचलून आणायचा. तसा पठडीतलाच गडी, पण त्याचे पंख तिला खरे हवे होते. त्यासाठी तिने काय काय केलं म्हणता! खिडकीबाहेरच्या पत्र्यावर कबुतरं बसायची, त्यांच्याकडे बघता बघता गॅसवरचं दूध कितीदा उतू घालवलं. खाटकाकडून अख्खी कोंबडी आणून तिचा पंख ओट्यावर सांध्यासांध्यांत उलगडला, कुठली शीर ओढली की काय उघडतं ते कागदावर उतरवलं, आणि मग तीच कोंबडी शिजायला टाकली. नवरा सांगत सुटायचा, आमच्याकडे आधी अभ्यास आणि मग जेवण. ऑफिसात तर तिचं नावच पंखवाल्या बाई पडलं होतं. एका नव्या शिपायाने छताचा पंखा बंद पडल्यावर तिलाच निरोप धाडला होता, यावर लोक कितीतरी दिवस हसत होते.

एवढं करूनही घोडं एकाच जागी अडायचं. पिसं झकास यायची, उघडलेला पंख डौलदार यायचा, पण जिथे तो पाठीतून निघतो त्या जागेशी सगळा घोळ. संपादक म्हणजे खवचट माणूस. भिंग लावून बघायचे आणि म्हणायचे, "बाई, पंख छान आहेत. पण लावलेले आहेत. उगवलेले नाहीत." तिला ते झोंबायचं, कारण ते खरं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. तिचा नवरा रंगारी. कागदाचा नव्हे, भिंतींचा. लोकांची घरं रंगवायचा, आणि त्यातही छतात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. छत रंगवणं म्हणजे दिवसभर हात डोक्यावर. एका संध्याकाळी तो अंघोळ करून उघड्या अंगाने बाहेर आला आणि टॉवेल टाकायला त्याने उंच दोरीकडे हात नेला. पाठीवरचं ते तिकोनी हाड, खांद्याचं पातं, कातडीखालून सरकलं आणि त्याचं खालचं टोक बाहेर वळलं. "हलू नका!" ती ओरडली. पाठीवर पाल पडली असं वाटून त्या भल्या माणसाने टॉवेल टाकून उडी मारली. ती मात्र पेन्सिल शोधायला धावली होती.

त्या दिवसापासून नेमच झाला. कामावरून आला, अंघोळ केली, की रंगारी खिडकीपाशी स्टुलावर बसायचा. उजवा हात चौकटीवर उंच टेकवायचा, डाव्या हातात चहाचा कप. उजेड उजवीकडून यायचा आणि कामाचा हातही उजवाच, म्हणून ती उजवी बाजूच काढायची. डावी काढायची गरजच नव्हती. चित्रकथेचं काम घाईचं असतं, दर आठवड्याला पानं द्यायची असतात. आत दिवा लावलेल्या काचेवर ती पातळ कागद ठेवायची, उजवी बाजू गिरवायची, कागद उलटा करायची आणि तीच रेघ डावीकडे उतरवायची. देवाने माणूस घडी घालून कापलाय, ती म्हणायची; एक बाजू आली की दुसरी फुकट.

तो बसल्या बसल्या दिवसभराचं सांगायचा. कुठल्या घरमालकाला बैठकीच्या खोलीत वांगी रंग हवा होता, कुणी रंगात पाणी घालून दोन खोल्या जास्त रंगवायला सांगितल्या. ती नुसती "हं" म्हणायची. ऐकत नाही हे त्याला माहीत असायचं, तरी तो सांगायचा. संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं? एकाने बोलायचं, दुसऱ्याने हं म्हणायचं.

अशी बरीच वर्षं गेली. मग कधीतरी ती पाठ जास्त चांगली दिसायला लागली. आधी पात्याच्या आतल्या कडेला नुसती एक सावली आली. मग सावली गडद झाली. काही महिन्यांनी ती कड कातडीखालून अशी उचलली गेली, की आत काहीतरी आहे आणि ते बाहेर यायला बघतंय असं वाटावं. चित्रकारणीला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. पंख फुटायचा तर इथूनच फुटेल! तिने ती कड काढली, कागद उलटवला, दुसरीकडे तशीच उतरवली, आणि दोन्ही कडांच्या पोटातून पंख काढले. ते पान बघून संपादकांनी भिंग खाली ठेवलं. एवढंच म्हणाले, "उगवले."

त्यानंतर काही विचारू नका. चित्रकलेची मुलं तिला बघायला ऑफिसात यायला लागली. दुसऱ्या एका मासिकाने तिच्या पहारेकऱ्याच्या पाठीवर लेख छापला. ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, तुमची पाठ गाजतेय. तोही काही कमी नव्हता. चहाच्या टपरीवर अंक उघडून दाखवायचा, की हा जो उडतोय ना, त्याची पाठ माझी, पंख तेवढे बायकोचे.

ही कड वर का आली, हे तिने विचारलं नाही. कागदावर दोन्ही बाजू सारख्या होत्या, दोन्हीकडे ती कड तितकीच देखणी उचललेली. खऱ्या पाठीवर ती एकाच बाजूला होती. डावीकडे नुसती मान वळवून बघितलं असतं तरी कळलं असतं. आता हे असं जगात कुठे होतं का, की बायको नवऱ्याच्या पाठीकडे रोज टक लावून बघते आणि अर्धी पाठ बघतच नाही? पण तिच्या बाबतीत ते झालं.

दुखायला लागलं ते फार उशिरा. एका घराचं छत रंगवताना रंगाऱ्याच्या हातातून रोलर सुटला आणि खालच्या गालिच्यावर पडला. मालकीण खूप बोलली. घरी येऊन त्याने ते हसून सांगितलं, पण कप तोंडाशी नेताना त्याचा चेहरा वाकडा झाला. मग मलम झालं, गरम पाण्याची पिशवी झाली, गल्लीतल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. त्या डॉक्टरने फोटो काढायला पाठवलं, आणि फोटो बघून एक शब्द न बोलता मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. न बोलणारा डॉक्टर फार वाईट. तिथे मोठ्या मशीनमध्ये घातलं, सुई घालून आतला तुकडा काढला, आणि आठवड्याने दोघांना बोलावलं.

तिथला डॉक्टर तरुण होता, पण समजावून सांगणारा होता. त्याने पडद्यावर चित्र दाखवलं. पात्याच्या खाली, बरगड्या आणि हाड यांच्यामध्ये, एक गाठ होती. तिनेच पातं आतून उचलून बाहेर ढकललं होतं. गाठ वाईट जातीची होती, एवढं नक्की. पण वाईटातही प्रकार असतात आणि सुईचा तुकडा धड सांगत नव्हता. एक प्रकार झपाट्याने वाढतो. त्याला जहाल औषधं शिरेतून लगेच सुरू करायची, नाहीतर माणूस हातचा जातो. दुसरा सावकाश वाढतो. त्याला ती औषधं लागूच पडत नाहीत, गाठ जागच्या जागी राहते आणि औषध माणसालाच खातं. तिथे एकच उपाय, कापून काढणं, आणि तेही तब्येत धड आहे तोवर.

"म्हणून मला वेग कळायला हवा," डॉक्टर म्हणाला. "हे कधीपासून आहे?"

रंगाऱ्याने प्रामाणिकपणे विचार केला. दुखायला लागून किती झाले ते मनाशी मोजलं. "दोन महिने," तो म्हणाला. "जास्तीत जास्त तीन."

खोटं नाही बोलला तो. आपली पाठ आपल्याला थोडीच दिसते! त्याला दिसलं नव्हतं, त्याला दुखलं तेवढंच माहीत. जगात एकाच माणसाला खरं माहीत होतं, आणि ते माणूस शेजारच्या खुर्चीत पर्स छातीशी धरून बसलं होतं. ती सावली, ती गडद झालेली सावली, ती उचललेली कड, सगळं एकामागून एक तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. दोन वर्षं होऊन गेली होती. पण काय सांगणार? की मला दिसत होतं आणि मी खूश होत होते? डॉक्टरने लिहून घेतलं, दोन महिने. मग पुढच्या सोमवारी औषध सुरू करू म्हणाला, आता थांबण्यात अर्थ नाही.

घरी मोठी नणंद येऊन राहिली होती. तोंडाने फटकळ, पण भावावर जीव टाकणारी बाई. भावाच्या पाठीला हात लावून बघितला आणि तिचा बांध फुटला. भावजयीकडे वळून म्हणाली, "तुझ्या डोळ्यांना मुंगीचा पाय दिसतो म्हणे. डोळ्यांदेखत एवढं वाढलं आणि तुला नाही दिसलं?" रंगारी ओरडला, ताई, तिला काही बोलायचं नाही. नणंद पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली.

चित्रकारणीच्या मनात आलं, दिसलं नाही, असं समजतायत सगळे. दिसलं नाही हा केवढा मोठा आधार होता! बायको आहे, कामाच्या रगाड्यात असते, नाही आलं लक्षात, असं लोक म्हणाले असते आणि विसरले असते. तोही म्हणाला असता. ती त्या आधाराला अख्खा आठवडा धरून बसली. डॉक्टरला जास्त कळतं, तुकडा बघितलाय त्यांनी, आपण मध्ये बोलून काय होणार, असं स्वतःला समजावत राहिली. मनात मात्र पुरतं कळत होतं, की ती गप्प राहिली तर त्याच्या शिरेत चुकीचं विष जाणार आहे. आणि बोलली तर? बोलली तर त्याला कळणार, की जिच्यासमोर आपण रोज पाठ उघडी करून बसलो, तिने आपल्या मरणाची चित्रं काढली आणि वाहवा मिळवली.

सोमवार आला. रंगाऱ्याला पलंगावर निजवलं. नर्सने त्याचा दंड बांधला आणि शीर शोधायला लागली. रंगाऱ्याच्या शिरा जाड होत्या, लगेच सापडल्या. स्टँडला लावलेली बाटली पिवळसर होती. तो बायकोला म्हणाला, रंग बघ, असला रंग कुणी माझ्याकडे मागितला तर मी कामच नाही घेणार. नर्स हसली. तिने सुई उचलली.

"थांबा," चित्रकारीण म्हणाली.

नर्सला वाटलं, बाईला सुई बघवत नाही. बाहेर बसा म्हणाली.

"दोन महिने नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. मी बघितलंय. रोज बघितलंय आणि रोज काढलंय. डॉक्टरांना बोलवा."

रंगाऱ्याने उशीवरची मान तिच्याकडे वळवली. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. डॉक्टर आला तेव्हा तिने भिंतीकडे बघत सगळं सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. पहारेकरी, स्टूल, खिडकी, आणि कड वर आली म्हणून झालेला आनंद, तोसुद्धा. डॉक्टर भला होता पण सावध होता. घरची माणसं अशा वेळी मागचं आठवून काहीबाही जोडतात, तुम्हाला नक्की आठवतंय का, म्हणाला. तिने त्याच्याकडे पेन मागितलं आणि फोटोच्या मोठ्या पाकिटावर पाठ काढली. पहिल्या पावसाळ्यातली, नुसत्या सावलीची. तिच्याशेजारी थंडीतली. मग उन्हाळ्यातली, ज्यात कडेचं खालचं टोक आधी सुटलं होतं. मग पुढची, आणि त्याच्या पुढची. प्रत्येकीत कड किती उचलली होती ते दिसत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात जराही थरथरला नाही. तिला त्या हाताचाच राग आला.

डॉक्टरने पाकीट हातात घेतलं, पडद्यावरच्या चित्राशी ताडून बघितलं, आणखी एका मोठ्या डॉक्टरला बोलावलं. दोघं कोपऱ्यात बोलले. मग त्याने नर्सला बाटली काढायला सांगितली. हा सावकाश वाढणारा प्रकार आहे, ऑपरेशनच करू, म्हणाला; बरं झालं सांगितलंत. आणि समजावून सांगायची सवयच होती त्याला, म्हणून पुढे हेही सांगितलं, की सुरुवातीला गाठ एवढीशी असणार, तेव्हा नुसती खरवडून निघाली असती. आता हाड पोखरलंय. आता पातं काढावं लागेल, सगळंच्या सगळं. त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता. ठपका असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

आता रंगाऱ्याने विचारलं, "हात राहील ना?"

"हात राहील," डॉक्टर म्हणाला. "जेवाल, लिहाल, बटणं लावाल. फक्त खांद्याच्या वर जाणार नाही."

"मग छत?" रंगारी म्हणाला.

डॉक्टरला समजलं नाही. तिला समजलं, आणि ती उठून बाहेर गेली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली, पातं गेलं, माणूस राहिला. नणंदेने देवाचे आभार मानले आणि भावजयीचा हात हातात घेऊन रडली. तू बोललीस म्हणून वाचला, म्हणाली, मी उगीच तोडून बोलले तुला. चित्रकारणीला ते ऐकवेना. शिव्या परवडल्या, पण हे नको, असं तिला झालं.

आणि रंगारी? तो काही म्हणालाच नाही. घरी आला, खिडकीपाशी बसायला लागला, हात झोळीत. येणाऱ्या-जाणाऱ्याशी थट्टा करायचा, की आता मी भिंतींचे खालचे अर्धे भाग घेतो, वरच्या अर्ध्याला दुसरा माणूस बघा. शिडी आणि लांब दांड्याचे ब्रश त्याने त्याच्या धंद्यातल्या एकाला देऊन टाकले. पण त्या सोमवारच्या बोलण्याबद्दल एक अवाक्षर नाही. ती वाट बघायची. आज बोलेल, आज तरी ओरडेल. जेवायला वाढताना हळूच त्याच्या तोंडाकडे बघायची. तो मीठ मागायचा.

इकडे संपादकांची कुरबूर सुरू झाली होती. पहारेकरी हल्ली सारखा समोरूनच का दिसतो, वाचक विचारतात, असा फोन आला. पाठ काढायला घेतली की तिची पेन्सिल मानेपाशी थांबायची. तिने सांगितलं, जमत नाही. संपादक एरवी खवचट माणूस, पण त्या दिवशी म्हणाले, राहू द्या बाई, जमेल तेव्हा काढा.

टाके निघाल्यावर एका सकाळी ती त्याला अंघोळ घालत होती. एका हाताने त्याला पाठ चोळता येत नव्हती, म्हणून तो पाटावर तिच्याकडे पाठ करून बसायचा आणि ती मागून पाणी घालायची. पाणी घालताना ती नळाकडे बघायची, भिंतीकडे बघायची. हात आपोआप फिरायचा.

"कसं दिसतंय?" त्याने विचारलं.

"बरं आहे," ती म्हणाली. "भरत आलंय."

"तसं नको. खरं सांग. मला दिसत नाही."

"म्हटलं ना, बरं आहे."

त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, "मागे एकदा विचारलं होतं मी तुला. टेकून बसलं की तिथे काहीतरी आहे असं वाटायचं. दुखायचं नाही, नुसतं वाटायचं. तू काढत होतीस. म्हटलं, बघ गं जरा, पाठीला काही आलंय का? तू म्हणालीस, सुंदर आलंय, हलू नका."

तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"मला वाटलं, हिच्याइतकं माझ्या पाठीकडे बघतं कोण? काही असतं तर हिने सांगितलं असतं," तो म्हणाला. "म्हणून मग नाही गेलो डॉक्टरकडे."

बस चुकल्याचं सांगावं तसं त्याने ते सांगितलं. आवाजात राग नव्हता. तिने आठवून बघितलं. त्याने विचारलेलं तिला आठवेना, आपण काय म्हणालो तेही आठवेना. पण म्हणाली असेल, नक्कीच म्हणाली असेल. हलू नका तर ती रोजच म्हणायची. ती ओल्या फरशीवर मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडली. माझं चुकलं हो, म्हणाली, मी तुमचा हात घालवला, मी बघत होते आणि मला तुम्ही दिसलाच नाहीत. आधी आठवडाभर गप्प राहिले तेही सांगितलं. सगळं सांगितलं. त्याने तिला थांबवलं नाही आणि जाऊ दे असंही म्हटलं नाही. पाठ तिच्याकडे, तसाच बसून राहिला. त्याच्या खांद्यावर पाण्याचे थेंब सुकत होते.

"रडून झालं की सांग," तो म्हणाला. "माझीच पाठ आहे. मला कळायला नको, काय राहिलंय ते?"

तिने पदराने तोंड पुसलं आणि बघितलं. मानेपासून सुरुवात केली. उजवा खांदा खाली उतरलाय, म्हणाली, आणि जरा पुढे आलाय. मणक्याच्या बाजूने खालपर्यंत आणि मग काखेकडे वळलेली टाक्यांची रेघ आहे, अजून लाल आहे. पातं होतं तिथे खड्डा पडलाय, ओंजळभर पाणी राहील एवढा. कातडी आत ओढली गेलीय, बरगड्या दिसतात. मग तिने त्याला हात हलवायला सांगितला. त्याने जमेल तेवढा हलवला. खड्ड्यात काहीच हलत नाही, ती म्हणाली. तो ऐकत होता, मधूनमधून हं म्हणत होता.

"आणि डावीकडे?" त्याने विचारलं.

ती सरकून डावीकडे बसली. तिथे सगळं जागच्या जागी होतं. उतारवयाच्या माणसाची साधी सपाट पाठ, पिकलेले चार केस, पात्याच्या टोकाशी एक ठिपका. तिला वाटलं, रंगाचा शिंतोडा आहे. तिने ओल्या बोटाने पुसून बघितला. निघाला नाही.

"इथे तीळ आहे एक," ती म्हणाली. "मला माहीत नव्हता."

"जन्मापासून आहे तो," रंगारी म्हणाला. "आई सांगायची."